कणगी आणि खावटी

कोणते भांडे कोणत्या जिनसासाठी योजावे, हा प्रश्न आज बोईसरच्या बाजारात प्लॅस्टिकच्या आणि स्टीलच्या डब्यांच्या राशींपुढे उभ्या राहिलेल्या गृहिणीला पडतो. परंतु पालघर, बोईसर, तारापूर हा मुलूख, जो पूर्वी सरकारी दप्तरात ठाणे जिल्ह्याचा माहीम तालुका म्हणून नोंदला जाई, तेथे या प्रश्नाचा निवाडा दीर्घकाळ दोन सत्तांनी केला: पावसाने आणि सावकाराने.

पावसाचा निवाडा कणगीत दिसतो. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून घर उभारणाऱ्या वारली समाजाने तीच विद्या धान्याच्या पात्रासाठी वापरली. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतबाहेर सारवलेली, जमिनीची ओल लागू नये म्हणून किंचित उंचावर ठेवलेली ही कणगी दमट हवेला अडवी, पण धान्याची वाफ कोंडून धरीत नसे; शिवाय भात तुसासकट भरून ठेवावयाचे आणि गरजेपुरतेच उखळात कांडावयाचे, या रिवाजामुळे दाण्याला निसर्गदत्त कवच राही. धान्य ही ज्यांची कणसरी देवता, त्यांच्या घरी हे पात्र केवळ अडगळीचे सामान असणे शक्यच नव्हते. किनाऱ्यावर सातपाटीसारख्या गावी मात्र सुक्या बोंबलाला घट्ट झाकणाचे भांडे लागे, आणि मीठ व आंबटपणा पितळेला बाधतात म्हणून लोणचे चिनीमातीच्या बरणीत जाई. जिन्नस ओळखून पात्र निवडण्याचे हे शास्त्र मला आजच्या एकसारख्या डब्यांच्या हौसेपेक्षा अधिक प्रगल्भ वाटते.

परंतु कणगी कितीही निगुतीने विणली तरी ती भरलेली राहणे विणणाऱ्याच्या हाती नव्हते. जमिनी सावकार-जमीनदारांच्या कबजात गेलेल्या; सुगीत खंडाचे भात खळ्यावरूनच उचलले जाई, आणि पावसाळ्यात घरातले धान्य सरले की ज्याने ते नेले त्याच्याच दारी खावटीसाठी उभे राहावे लागे. ती खावटी पुढल्या पिकाच्या वेळी वाढीसह फेडावयाची, म्हणजे पुढल्या वर्षाची कणगी भरण्यापूर्वीच अर्धीमुर्धी रिती होई. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूकडील वारल्यांनी वेठीविरुद्ध जो लढा उभारला, त्याच्या मुळाशी ही रिती कणगीही होती. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कित्येक कुळांना जमिनीची मालकी मिळवून दिली. अंमलबजावणीत कमतरता राहिल्या, तरी ज्या घरी कुळाचा हक्क लागला तेथे पिकलेले भात घरातच ठेवण्याचा अधिकारही आला.

त्यानंतर तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, रोख पगार आला. महिन्याचा किराणा महिन्याला भरणाऱ्या घरास वर्षाच्या बेगमीचे पात्र अनावश्यक झाले आणि त्याची जागा फळीवरच्या डब्यांनी घेतली. पात्राचा आकार ठरतो तो धान्य किती महिने आपले म्हणून घरात राहणार यावरून, हे सत्य या एका तालुक्याच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

पालघर जिल्ह्यातील ज्या पाड्यांवर अद्याप कणगी उभी आहे, तेथील शिकल्यासवरल्या तरुणांना माझी विनंती आहे की, ती मोडण्यापूर्वी तिची उंची, घेर, विणीची रीत आणि विणणाऱ्याचे नाव त्यांनी लिहून ठेवावे.