रसद
‘रसद’ हा मूळ फारसी शब्द असून फौजेला किंवा गडावरील शिबंदीला पोहोचणारे धान्य, वैरण व दारूगोळा असा त्याचा अर्थ आहे; मात्र ‘रसद तोडणे’ या प्रयोगात ती सामग्री ज्या वाटेने येते ती वाट, म्हणजे आजचा पुरवठामार्ग, अभिप्रेत असतो. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा गडावरचा साठा तुटपुंजा होता, आणि परळीच्या गडावरून मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक यांनी धान्य पोहोचवण्याची तजवीज केली, असे इतिहासकार ग्रँट डफ नोंदवतो. एप्रिल १७००मध्ये सातारा पडताच बादशहा परळीकडे वळला, हे म्हणूनच लक्षणीय आहे. उलटपक्षी, मोगल छावणीचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरील गोण्यांतून येई व मराठे नेमके त्या तांड्यांवर तुटून पडत. पुढे स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारच्या काळात सातारा-सांगलीकडील भूमिगतांना शिवारात पोहोचणारी फडक्यात बांधलेली भाकरी हीही, संपादकाच्या मते, रसदच होय.