आजीच्या रक्ताची साक्ष

मूल कोणाचे, हा वाद न्यायालयात येतो तेव्हा बहुधा आई किंवा वडील समोर असतात. दोघेही नाहीसे झाले असतील तर काय करायचे? अर्जेंटिनातील आज्यांनी हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे ठेवला.

२४ मार्च १९७६ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली. १९८३ पर्यंतच्या या राजवटीत हजारो माणसे पकडून नेली गेली, ती परत आलीच नाहीत. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. कोठडीत बाळंतपण झाले की आईला मारून टाकले जाई, आणि मूल अनेकदा लष्करातल्या किंवा पोलिसांतल्या एखाद्या घरी खोट्या जन्मदाखल्यावर वाढे. नातवंडांच्या शोधासाठी १९७७ मध्ये आज्यांनी संघटना उभारली. अशी मुले सुमारे ५०० असावीत, असा तिचा अंदाज आहे.

संशयित मूल सापडले, तरी ते आपलेच हे सिद्ध कसे करायचे? अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग या आनुवंशशास्त्रज्ञ १९८४ मध्ये मदतीला आल्या. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिने माणसागणिक फार वेगळी असतात. मुलाला त्यांच्या जनुकांचा एक संच आईकडून व एक वडिलांकडून मिळतो, आणि आईवडिलांना त्यांचे संच आजी-आजोबांकडून. म्हणून मधली पिढी नसतानाही नात्याची शक्यता गणिताने काढता येते. त्याच वर्षी पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीचे नाते अशा तपासणीने सिद्ध झाले, आणि न्यायालयाने तिला आजीच्या स्वाधीन केले.

पण चारही आजी-आजोबा हयात नसले, तर ही रीत लंगडी पडे. तेथे तंतुकणिका उपयोगी पडल्या. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकांत स्वतःचा डीएनए असतो: सुमारे १६,५६९ जोड्यांचा, वर्तुळाकार. शुक्राणूतही तंतुकणिका असतात. मात्र फलनानंतर स्त्रीबीज त्यांना नष्ट करते. त्यामुळे हा डीएनए आईकडूनच येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. आईची आई, मावशी किंवा मामा, यांपैकी एक जण मिळाला तरी तुलना करता येते. वडिलांच्या आईचा मात्र येथे उपयोग होत नाही, हे विद्यार्थ्यांकडून वंशवृक्ष काढून घेतल्यास सहज पटेल.

आज्या म्हाताऱ्या होत होत्या. म्हणून १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय आनुवंशिक माहिती पेढी स्थापन झाली. त्यामुळे आजी गेली तरी तिची साक्ष मागे राहिली. १९८९ च्या बालहक्क करारनाम्यातील आठवे कलम, म्हणजे मुलाचा स्वतःच्या ओळखीचा हक्क, हेही अर्जेंटिनाच्या पुढाकाराने आले.

पुढे मुले सज्ञान झाली. काहींना तपासणी नको होती. ज्यांना आईवडील म्हटले त्यांनाच त्यामुळे तुरुंगवास घडणार होता. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा एका स्त्रीवर रक्त देण्याची सक्ती नाकारली. २००९ मध्ये मात्र वापरातल्या वस्तूंवरून मिळवलेला डीएनए त्याच न्यायालयाने ग्राह्य धरला.

आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. हे मूल कोणत्या घरातून हिरावले गेले, एवढे पेशी निश्चित सांगते. त्याने आई कोणाला म्हणावे, हे ती सांगत नाही. ते त्या नातवंडांना स्वतःच ठरवावे लागले.