हिशेबातल्या माणसांचं कूळ

मुंबई बेटावर १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, त्याचा एक आलेख आहे. साथींचं गणित शिकणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून तो कधी ना कधी जातो. चढून उतरणारी एक रेषा आणि तिला चिकटून बसलेले ठिपके. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश संशोधकांनी तो १९२७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. मॅकेंड्रिक यांची बरीच वर्षं हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत गेली होती. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. दोघांनी शहराचे तीन ढीग केले: लागण होऊ शकेल अशी माणसं, लागण झालेली, आणि बरी झालेली किंवा मेलेली. एका ढिगातून दुसऱ्या ढिगात माणसं कोणत्या वेगाने सरकतात, एवढंच त्यांची समीकरणं सांगतात. ढिगातला माणूस गिरणीत जातो, की चाळीत आजाऱ्याच्या उशाशी बसतो, की भिऊन बोटीने कोकणात पळतो, याचा तिथे पत्ता नाही. उंदीरसुद्धा अंदाजानेच धरलेले. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये तो आलेख पुन्हा तपासला. मुंबईचा प्लेग दरवर्षी ऋतूबरोबर चढायचा आणि उतरायचा, आणि हा ऋतूच समीकरणात नव्हता. रेषा ठिपक्यांवर बसली म्हणून कारणही बरोबर सापडलं, असं होत नाही.

एजंट-बेस्ड मॉडेल ही या ढिगांविरुद्धची तक्रार आहे. त्यात प्रत्येक माणूस वेगळा मांडतात. त्याला घर, वय, शेजार देतात, वागण्याचे दोन-चार नियम देतात आणि घड्याळ सुरू करतात. पुढे गावाचं काय होतं ते समीकरण सोडवून काढायचं नसतं. सगळ्यांना एकमेकांत वावरू द्यायचं आणि बघायचं. आज हे काम संगणक करतो. तरी या कुळातले सुरुवातीचे पुरुष कागद-पेन्सिल, गोट्या आणि नाणी घेऊन बसले होते.

गोट्या १९२८ च्या सुमाराला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आल्या. लोवेल रीड आणि वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट विद्यार्थ्यांना साथ शिकवायचे ती रंगीत गोट्या मिसळून: आजारी गोटी कुणाशेजारी आली, ते पाहायचं. एक माणूस म्हणजे एक गोटी. माणूस सुटा झाला, पण त्याला मन नव्हतं.

मन, निदान त्याचा एक कोपरा, दिला टॉर्स्टेन हेगरस्ट्रँडने. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातला हा भूगोलतज्ज्ञ. १९५३ च्या प्रबंधात त्याने विचारलं की कुरण सुधारण्यासाठी सरकारी अनुदान मिळत असताना काही शेतकरी ते लगेच घेतात, काही वर्षानुवर्षं घेत नाहीत, असं का? त्याने नकाशावर पाच-पाच किलोमीटरचे चौकोन आखले आणि वर पंचवीस घरांची, म्हणजे चौकोनांची, एक चौकट ठेवली. मधल्या घरातल्या शेतकऱ्याची बातमी त्याच घरात राहण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. कोपऱ्यातल्या घरापर्यंत पोचण्याची एक टक्क्याहून कमी. हे आकडे त्याने लोकांच्या स्थलांतराच्या आणि टेलिफोनच्या नोंदींवरून बसवले होते. मग यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचं की यंदा कोण कुणाला सांगेल. काही शेतकरी पहिल्यांदा ऐकताच तयार होतात, काहींना चार-पाच वेळा ऐकावं लागतं, हेही त्यात घातलं. हातानेच केलेल्या या खेळातून निघालेला नकाशा खऱ्या नकाशासारखा दिसू लागला.

१९६५ मध्ये लिओनार्ड बाउडेन या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने हीच पद्धत कोलोरॅडोच्या कोरड्या पठारावर वापरली. प्रश्न होता, शेतकरी विहीर खोदून ओलित करायचं कधी ठरवतो? मराठवाड्यातल्या वाचकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. वैजापूर, गंगापूर, पैठणच्या रानात शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं की आठवड्याभरात रिगची गाडी आपल्या बांधावर येते. पण हेगरस्ट्रँडच्या स्वीडनमध्ये शेजाऱ्याने कुरण सुधारलं तर माझं काही जात नव्हतं. इथे शेजाऱ्याची बोअर मला धीर देते आणि माझंच पाणीही ओढते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यामागे अशा हजारो सुट्या आणि आपापल्या जागी शहाण्या निर्णयांची बेरीज होती. साकेत पांडे आणि ह्युबर्ट सावेनाय यांनी २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या अल्पभूधारकाचं पाणी, जमीन आणि भांडवल एकत्र गुंफणारं मॉडेल मांडलं. ते या कुळातलं नाही, शेजारच्या घराण्यातलं आहे. पण प्रश्न तोच.

नाण्यांची गोष्ट मात्र दोन माणसांची आहे, आणि त्यातला एकच प्रसिद्ध झाला. थॉमस शेलिंग हा अर्थतज्ज्ञ. विमानात बसल्या बसल्या त्याने कागदावर फुल्या आणि शून्यं मांडून पाहिली, मग घरी मुलाला घेऊन पटावर दोन रंगांची नाणी मांडली. नियम सोपा: माझ्या शेजाऱ्यांत माझ्या रंगाचे एक-तृतीयांश असले तरी मला पुरे, त्याहून कमी झाले तर मी उठून दुसऱ्या घरात जाईन. कुणालाच फक्त आपलीच माणसं नको आहेत. तरी काही फेऱ्यांत पट दुभंगतो, एकेका रंगाचे गट्ठे होतात. त्याचा मोठा लेख १९७१ मध्ये आला आणि २००५ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

शेलिंगचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याच्या १९७१ च्या त्याच पहिल्या खंडात जेम्स साकोडा यांचाही लेख होता, पटावरचाच. साकोडा जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच एक लाखावर जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यांत तेही होते. ट्यूल लेक आणि मिनिडोका छावण्यांत राहून त्यांनी टिपणं ठेवली: कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाला टाळतं, गट कसे फुटतात. १९४९ च्या प्रबंधात त्यांनी याच निरीक्षणांतून पटाची कल्पना मांडली, शेलिंगच्या वीस वर्षं आधी. त्यांच्या सोंगट्यांना आपल्या आणि परक्या गटाबद्दल ओढ, तिटकारा किंवा उदासीनता देता येते. शेलिंगचा खेळ म्हणजे त्यातली एक विशेष मांडणी. साकोडा पुढे ओरिगामीवरच्या पुस्तकासाठी अधिक ओळखले गेले. मला शेलिंगपेक्षा साकोडा जवळचे वाटतात. त्यांच्या पटावर येण्याआधी त्यांची माणसं कुंपणाआड होती, आणि पटाची कड म्हणजे काय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

शेलिंगला न्याय द्यायचा तर त्याने स्वतःच सांगितलं होतं की वस्त्या तीन तऱ्हांनी वेगळ्या पडतात: कुणीतरी ठरवून, पैशाच्या फरकाने, आणि एकेकट्याच्या निवडीने. त्याचा खेळ फक्त तिसरीबद्दल आहे. आमचं शहर या तिन्हींचा नमुना म्हणून दाखवता येईल. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे असं ज्याचं वर्णन करतात, त्या जुन्या शहरात जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, करणपुरा आणि पदमपुरा बिकानेरच्या करणसिंह आणि पदमसिंह या बापलेकांचे. सरदाराने छावणी टाकली आणि त्याची माणसं तिथे बसली. इथे कुणी शेजार मोजला नव्हता. सिडको आली ती उत्पन्नाचे गट घेऊन, आणि घराच्या आकारावरून शेजार ठरला. तिसरी तऱ्हा बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात, देवळाईत, पडेगावात अजून घडते आहे. तिथेही निवड पूर्ण मोकळी असते असं नाही. घर दाखवण्याआधी आडनाव विचारणारा मालक शेलिंगच्या पटावर नाही. सोंगटीला रिकामं घर दिसलं की ती तिथे जाऊ शकते, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

पुढची पिढी संगणकातली. ती भराभर सांगतो, कारण तिच्यात हुशारी पुष्कळ असली तरी नवं रक्त थोडं आहे. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्सने पडद्यावर पाखरांचा थवा उडवला. १९९४ मध्ये ब्रायन आर्थरने सांता फेच्या एका बारमध्ये आज गर्दी असेल का, असं शंभर जणांना विचारायला लावलं. त्याचंच देशी भावंड बिकास चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या स्वस्त खानावळींवर रचलं. १९९६ मध्ये एपस्टाइन आणि ॲक्सटेल यांनी साखर वेचत फिरणाऱ्यांचा अख्खा समाज उभा केला. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत रहदारीसाठी माणूसवार मांडलेलं शहर साथीकडे वळवलं गेलं. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये पोर्टलंडच्या सुमारे १६ लाख माणसांवर देवी पसरवून पाहणारा लेख आला, त्यात मद्रास आयआयटीत शिकलेले माधव मराठे होते.

अशा रीतीने साथीचं मॉडेल मुंबईत परतलं, त्या प्लेगनंतर ११४ वर्षांनी. २०२० मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या गटाने, ज्यात संदीप जुनेजा आणि राजेश सुंदरेशन होते, मुंबई १ कोटी २४ लाख एजंटांची करून मांडली. २४ वॉर्ड, प्रत्येकात झोपडपट्टी आणि इतर वस्ती वेगळी. जनगणनेतून वय आणि घरातली माणसं घेतली, अंतरानुसार शाळा आणि कामाची जागा नेमून दिली. दिवसाचे चार भाग, आणि दर सहा तासांनी प्रत्येकाच्या अंगावर किती जणांच्या श्वासाचं ओझं पडलं त्याचा हिशेब. लोकल रुळावर आली तर काय होईल, हेही तपासलं. रोज सुमारे ७५ लाख प्रवासी-फेऱ्या वाहणारी गाडी बंद ठेवावी की नाही, हे सरकारला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. त्या जुलैमध्ये तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. ढिगांच्या समीकरणात शहर एकच असतं, तिथे ही दरी दिसली नसती. पुण्यात टीसीएसच्या संशोधकांनी प्रयास आरोग्य गटाबरोबर असंच शहर बांधलं.

पण एक जागा मला खटकते. टाळेबंदी कोण पाळेल हे मुंबईच्या मॉडेलमध्ये पत्त्यावरून ठरलं. झोपडपट्टीत पाळणाऱ्यांचं प्रमाण कमी धरलं. हिशेबासाठी ते योग्यच होतं; दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण आणि संडास सार्वजनिक असेल तर घरी थांबायचं म्हणजे कुठे थांबायचं? तरी मॉडेलच्या भाषेत ते नियम न पाळणं ठरतं, आणि अहवाल वाचणारा अधिकारी ते तसंच वाचतो. हेगरस्ट्रँडचा उशिरा तयार होणारा शेतकरीही असाच ‘विरोध करणारा’ म्हणून नोंदला गेला होता. त्याच्याजवळ सुधारायला कुरण होतं का, हे चौकट विचारत नव्हती.

८ मे २०२० च्या पहाटे आमच्या जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर मेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला. भुसावळला गावाकडची गाडी मिळेल या आशेने ते रुळांवरून रात्रभर चालले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, या समजुतीने दमून रुळांवरच झोपले. घर, कामाची जागा, शाळा आणि वस्ती एवढ्याच जागा असलेल्या शहरात हा निर्णय मांडायला घरच नाही. एजंटला कामावर जायचं की नाही एवढंच विचारलेलं असतं. कारखाना बंद, मुकादम गायब आणि घर परराज्यात असेल तर काय, हा प्रश्न पटाच्या कडेबाहेरचा. साकोडांनी तो विचारला असता असं मला वाटतं.

छत्रपती संभाजीनगरचं असं मॉडेल उद्या कुणी बांधलं, वाळूजच्या कारखान्यांच्या पाळ्या, जायकवाडीचं पाणी, शहागंजची गर्दी सगळं त्यात घातलं, तरी भोवतालच्या मुलखाचं एक कोडं उरेल. बीडमधून, आणि पैठण, कन्नडच्या वाड्यावस्त्यांतूनही दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. त्यांच्यात निर्णय एकटा माणूस घेत नाही. हिशेब कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा. आणि उचल घेतली की पुढच्या पाच-सहा महिन्यांचा निर्णय मुकादमाकडे गेलेला असतो. एजंट कोण मानायचा, मजूर, जोडी की मुकादम, हे आधी ठरवावं लागेल. शिवाय अशी सगळी मॉडेलं माणसं जनगणनेतून उचलतात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, ऐन गाळपात. जो तेव्हा घरी नव्हता तो गावच्या घरात मोजला गेला नाही. मोजला गेलाच असेल तर साखर कारखान्याच्या आवारातल्या कोपीत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तेव्हाही कोयते फडातच असतील.