मज्जातंतूंची वाट आणि ‘नेतृ’ शब्द

कोंबडीच्या ३३ तासांच्या गर्भाची काचपट्टी अमरावती-अकोल्याच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. लीला मुल्हेरकर यांनी याच गर्भाच्या काचपात्रातील संवर्धनाची परंपरा पुणे विद्यापीठात रुजविली. काचपट्टीत मज्जानलिका दिसते. परंतु तिच्यातील पेशींचे तंतू पुढे आपापल्या स्थानी कसे पोहोचतात, हे ती सांगत नाही. रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्याच गर्भात तंतूच्या अग्राशी असलेला वृद्धिशंकू १८९० मध्ये वर्णिला, आणि दूरची ऊती एखादे रसायन सोडून त्यास आकर्षून घेत असावी, असे अनुमान दोन वर्षांनी मांडले.

रॉस हॅरिसन यांचा रोख निराळा होता. बेडकाच्या गर्भातील मज्जाऊती गोठलेल्या लसिकेत ठेवून तंतू पेशीपासूनच वाढतो, हे त्यांनी १९०७ मध्ये प्रत्यक्ष दाखविले. १९१४ मध्ये त्यांनी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरले. गर्भपेशी त्या धाग्यांच्या अनुरोधानेच सरकल्या. आधारावाचून चाल नाही, हा त्याचा अर्थ. पॉल वाइस यांनी पुढे हाच पक्ष इतक्या जोमाने चालविला की काहाल यांची कल्पना कित्येक वर्षे मागे पडली. पदार्थाचे नाव मात्र दोहोंपैकी कोणत्याच पक्षाजवळ नव्हते.

१९७९ मध्ये उंदराच्या एका अर्बुदातून लॅमिनिन हे प्रथिन वेगळे करण्यात आले. पेशीबाह्य आधारद्रव्यातील या प्रथिनाचा थर दिलेल्या पृष्ठावर मज्जातंतू जोमाने वाढतात, असे लवकरच आढळले. आधारद्रव्य म्हणजे पेशींमधला निव्वळ भराव, ही समजूत त्यानंतर टिकणे शक्य नव्हते.

खरे आश्चर्य १९९४ मधील. मार्क टेसिए-लाव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून मज्जारज्जूतील तंतूंना दुरून ओढणारी दोन प्रथिने शुद्ध केली, आणि वाट दाखविणारा या अर्थाच्या संस्कृत ‘नेतृ’ शब्दावरून त्यांस ‘नेट्रिन’ म्हटले. (मराठीतला ‘नेता’ तोच; आपल्याकडे त्याचा अर्थ बराच संकुचित झाला आहे.) त्यांची रचना तपासली असता ती लॅमिनिनच्याच कुळातली निघाली, एका सूत्रकृमीतील तशाच प्रथिनाचा शोध १९९२ मध्ये लागलेला होता. काहाल यांचे दूरचे आवाहन हॅरिसन यांच्या आधाराचे आप्त ठरले.

येथे वाद संपावयास हवा होता. परंतु २०१७ मध्ये उंदराच्या गर्भात मज्जारज्जूच्या तळपट्टीतील नेट्रिन काढून टाकल्यावरही बहुतेक तंतू तळाशी पोहोचलेच. वाटेच्या कडेस साचलेले नेट्रिन नाहीसे केल्यावर मात्र ते भरकटले. २०१९ मधील प्रयोगांत दोन्ही उगमांचा वाटा दिसून आला.