बंद खोलीची बखर

आमच्या गावच्या घरात माजघराला एक मधले दार आहे. २०१७ साली आम्हा दोघा भावांत घराची वाटणी झाली आणि त्या दाराला कुलूप लागले. पलीकडचा भाग धाकट्या भावाचा. तो नाशिकला असतो; किल्लीही त्याच्याकडेच. भांडण म्हणावे असे काही झाले नाही, नुसते बोलणे आटले. पुढची तीन वर्षे आमचा सारा व्यवहार दोन दोन शब्दांत चालला. "पैसे पाठवले." "पैसे मिळाले." "आई बरी?" "बरी आहे."

वाचकहो, सणासुदीला घरचे गाऱ्हाणे सांगू नये हे मला कळते. पण आज ज्या खेळाचा इतिहास मी सांगणार आहे, त्याचा उगमही एका दुभंगलेल्या घरातच आहे, म्हणून हा पाल्हाळ.

२०२० ची दिवाळी आठवा. करोनाच्या धास्तीने जो तो आपापल्या घरात. भाऊबीजेला जाणे-येणे नाही. तेव्हा माझ्या भाच्याने पुण्याहून फोन केला. "मामा, यंदा सगळ्यांनी मिळून ऑनलाइन रहस्याचा खेळ खेळायचा. एका खोलीत अडकायचं आणि तासाभरात कोडी सोडवून सुटायचं."

"अरे, मार्चपासून अडकलोच आहोत की! त्याला पैसे कशाला मोजायचे?" मी म्हणालो. पण भाचा ऐकतो थोडाच! संघही त्यानेच ठरवला : तो, त्याची आई म्हणजे माझी बहीण, मी, आणि नाशिकचा माझा भाऊ व त्याची अकरा वर्षांची लेक.

खोली होती युरोपातल्या एका शहरात. डोक्याला कॅमेरा बांधलेला एक तरुण तिच्यात उभा. त्याला दिसेल ते आम्हाला पडद्यावर दिसणार आणि आम्ही सांगू ते तो करणार. आपल्या मनाने काही नाही. मला धास्ती इंग्रजीची. मॅट्रिकपुढे आमची मजल गेली नाही. भाचा म्हणाला, "मामा, दोन शब्द पुरेत. ओपन ड्रॉवर. टर्न लेफ्ट."

हे 'दोन शब्द पुरेत' पुढे माझ्या डोक्यात घोळत राहिले. धागा धरून मागे मागे गेलो, तो थेट अमेरिकेतल्या एका गुहेत पोहोचलो.

केंब्रिज येथील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत विल क्राउथर नावाचे संगणकतज्ज्ञ होते. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. पण जीव रमे तो गुहांत. नवरा-बायको दोघेही केंटकी राज्यातल्या गुहा धुंडाळीत. फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन अफाट गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ च्या सप्टेंबरात ज्या तुकडीने शोधून काढले, तीत त्यांची पत्नी पॅट्रिशिया होती.

पुढे हे लग्न मोडले. जुन्या सोबत्यांबरोबर गुहेत उतरणे क्राउथरना अवघड वाटू लागले. दोन्ही लेकीही दुरावल्या. तेव्हा १९७५-७६ च्या सुमारास या बापाने संगणकावर एक गुहा रचली : 'अॅडव्हेंचर'. तीत एकही चित्र नव्हते. आपण कोठे आहोत ते पडद्यावर शब्दांत उमटे आणि खेळणाऱ्याने दोन शब्द टंकायचे : दिवा घे, दार उघड. मुलींना यंत्राची भीती वाटू नये म्हणून बोलणे इतके साधे ठेवले होते. लेकी भेटीला आल्या की हा खेळ खेळत. जी गुहा बापाला पुन्हा दाखवता येत नव्हती, ती त्याने शब्दांनी दाखवली.

खेळाची प्रत फिरत फिरत स्टॅनफर्डला डॉन वुड्स या तरुणाच्या हाती पडली. कर्त्याचा पत्ता नाही. म्हणून त्याने जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकावर 'क्राउथर' या नावाने पत्र धाडले! एक पत्र बरोबर पोहोचले. परवानगी मिळाली आणि १९७७ साली वाढवलेला खेळ प्रयोगशाळांतून पसरला. त्यात एक चक्रव्यूह आहे : सगळी दालने हुबेहूब सारखी. सुटण्याची युक्ती एकच. आपल्याजवळची एकेक वस्तू दालनात टाकीत जायचे, म्हणजे खूण राहते. सारे मुठीत धरून बसणारा तेथेच फिरत राहतो.

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. २००४ साली जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांनी 'क्रिम्झन रूम' हा चित्रांचा खेळ काढला. लाल खोलीत एकटे जागे व्हायचे आणि वाट शोधायची. २००७ मध्ये क्योटोच्या ताकाओ काटो यांनी पडद्यावरची खोली खरोखरीच्या खोलीत आणली. २०११ मध्ये बुडापेस्टला अत्तिला ग्युरकोविच यांनी 'पॅरापार्क' उघडले आणि तेथून हे वेड युरोपभर गेले. एकट्याचा खेळ आता संघाचा झाला. लाक्षागृहातून पांडव सुटले ते तरी एकट्याच्या बळावर थोडेच? विदुराचा सूचक शब्द होता, खनकाचे भुयार होते.

मग २०२० साल आले. खोल्या ओस पडल्या. तेव्हा चालकांनी आत एक माणूस उभा केला आणि खेळणाऱ्यांना दूरवरून शब्द दिले. पंचेचाळीस वर्षांनी खेळ पुन्हा त्याच दोन शब्दांवर आला!

आता आमच्या खोलीकडे येतो. शेवटच्या कपाटाला चार आकडी कुलूप होते. भिंतीवर चार बंद घड्याळे; काटे ३, ८, १ आणि ६ वर थांबलेले. आकडे मी टिपले होते, पण क्रम कळेना. चार आकड्यांच्या चोवीस मांडण्या होतात. पण हे कोणाला बोललो नाही. पुरे उत्तर हाती आल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, ही मास्तरकीची खोड. त्या तरुणाला मी एकेक मांडणी लावायला सांगत राहिलो. नऊ मिनिटे गेली.

तेवढ्यात नाशिकहून आवाज आला. "दादा, तुला काय दिसतंय ते सांग ना. अर्धंमुर्धं असलं तरी सांग."

तीन वर्षांतले ते त्याचे पहिले पुरे वाक्य. मी घड्याळांचे सांगितले. तो म्हणाला, "मग जाजमाच्या काठावर चार रंगांचे पट्टे आहेत बघ. मघाशीच दिसले होते, पण तू म्हणशील, उगाच काहीतरी." पुतणी ओरडली, "काका, घड्याळांच्या कडांना तेच रंग आहेत!" रंगांच्या क्रमाने आकडे लावले : ८१६३. कपाट उघडले.

पण खोलीतून आम्ही सुटलो नाही. कपाटात बाहेरच्या दाराचे कोडे होते आणि तास संपला. त्या तरुणाने हसत स्वतःच दार उघडले आणि हात हलवून निरोप दिला. ती नऊ मिनिटे माझ्या नावावर.

रात्री भावाचा फोन आला. पाऊण तास बोललो. वाटणीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मधल्या दाराचं कुलूप गंजलं असेल रे. जरा मशीनचं तेल सोडून ठेव."

मी तेल सोडले. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. पण दर दिवाळीला फराळाआधी मी त्या कुलपाला तेल घालतो आणि घातल्याचे त्याला फोन करून, पुऱ्या वाक्यात, सांगतो.