गीतेत नसलेले ‘गीतासार’

१/ ‘जो स्वतःला मदत करतो, त्याला देव मदत करतो’ हे वचन अनेक जण बायबलचे मानतात. बायबलमध्ये ते नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ च्या आपल्या वार्षिक पंचांगात ते छापले; त्याचा आशय प्राचीन ग्रीक कथांतही आढळतो.

२/ सेलूपासून मुंबईपर्यंत भिंतींवर झळकणाऱ्या ‘गीतासारा’चेही तसेच. ‘जे झाले ते चांगल्यासाठीच झाले’ या अर्थाचा श्लोक गीतेच्या ७०० श्लोकांत नाही.

३/ गीता सांगितली गेली, तेव्हा युद्ध व्हायचेच होते. अर्जुनाचा प्रश्न झालेल्या गोष्टींचा नव्हता. आता काय करावे, हा होता.

४/ ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये तो प्रश्न मराठीत आणला. भिंतीवरच्या सारात मात्र प्रश्न गळाला आणि सांत्वन तेवढे उरले.