विद्युत मंडलाच्या उत्तराचा ताळा

विद्युत मंडलाचे गणित सोडवून झाल्यावर, आलेले प्रवाह आणि दाब बरोबर आहेत की नाहीत हे पुस्तकाच्या शेवटची उत्तरे न पाहता स्वतः ठरवण्याची रीत. ताळा हा शब्द अंकगणितातला आहे. गुणाकार झाला की नऊचा ताळा पाहतात, पण ६३ च्या जागी ३६ लिहिले तरी तो बिनतक्रार जुळतो. मंडलाच्या ताळ्यांचेही तसेच आहे. प्रत्येक ताळा काही चुका पकडतो आणि काही त्याच्या हातून निसटतात. कोणत्या ताळ्यातून काय निसटते हे कळणे हाच या विषयाचा गाभा होय. नुसते ‘पडताळून पाहा’ म्हणून विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही.

ताळ्याचा मुख्य आधार म्हणजे गुस्टाफ किरखोफ (१८२४–८७) यांनी क्योनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असताना १८४५ मध्ये मांडलेले दोन नियम. नोडपाशी, म्हणजे तारा जिथे एकत्र येतात त्या सांध्यापाशी, जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो. आणि कोणत्याही बंद लूपमधून एक फेरी मारली की दाबांची बेरीज शून्य येते. त्यांच्या जोडीला ओहम यांचा १८२७ चा नियम : दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. गणित याच तिघांनी सुटते आणि ताळाही याच तिघांनी घ्यायचा असतो. गोंधळ होतो तो इथेच, कारण सोडवताना वापरलेला नियम ताळ्यात पुन्हा वापरला तर तो पुष्कळदा आपोआप जुळतो.

एक उदाहरण घेऊ. १२ व्होल्टची बॅटरी २ ओहम रोधातून आणि ६ व्होल्टची बॅटरी ३ ओहम रोधातून एकाच नोडला जोडली आहे. त्या नोडपासून जमिनीपर्यंत ६ ओहमचा रोध आहे, आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके जमिनीला आहेत. नोड पद्धतीने, म्हणजे नोडचा दाब अज्ञात धरून, सोडवले तर तो दाब ८ व्होल्ट येतो. समजा, बेरजेत चूक होऊन एकाने ७ व्होल्ट काढले. आता तो लूपचा ताळा घेतो : १२ मधून २ ओहमवर ५ पडले, उरले ७, ते ६ ओहमवर पडले, शेवट शून्य. जुळले! पण हे जुळणारच होते. नोडचा दाब ७ धरा, ९ धरा की १०० धरा. रोधांवरचे दाब त्याच आकड्यातून वजाबाकी करून काढलेले असल्याने लूपची बेरीज नेहमी शून्यच येते. नोड पद्धतीने काढलेल्या उत्तराला लूपचा ताळा म्हणजे ताळाच नव्हे. तिथे प्रवाह मोजावे लागतात. ७ व्होल्ट धरले तर १२ च्या बाजूने २.५ अँपिअर येतात, ६ च्या बाजूला ०.३३ जातात आणि ६ ओहममधून १.१७ जातात. पूर्ण १ अँपिअरचा हिशेब लागत नाही. खरे उत्तर ८ घेतले तर २ अँपिअर येतात, ०.६७ आणि १.३३ जातात, आणि नोड चोख बसतो.

मेश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक लूपमध्ये फिरणारा प्रवाह अज्ञात धरून, सोडवणाऱ्याची गोष्ट बरोबर उलटी. त्याचे प्रवाह नोडचा नियम जन्मतःच पाळतात, म्हणून त्याने लूप पाहावा. तोही शक्यतो समीकरणे मांडताना न वापरलेला. वरच्या मंडलात दोन्ही बॅटऱ्यांतून जाणारी बाहेरची वाट घ्या : १२ वजा ४ वजा २ वजा ६, शून्य. हा लूप जुन्या समीकरणांची बेरीज करून नव्हे, तर आकृतीकडे पाहून नव्याने लिहायचा, तरच त्याचा उपयोग.

या उदाहरणात ६ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह ऋण येतो. बॅटरी नेहमी प्रवाह देतेच असे मनात धरून पुष्कळजण ते चिन्ह पुसून टाकतात. ऋण चिन्हाचा अर्थ इतकाच की धरलेली दिशा उलटी होती. मोठी बॅटरी लहान बॅटरीला चार्ज करीत आहे. ही चूक शक्तीच्या जमाखर्चात लगेच उघडी पडते. १२ व्होल्टची बॅटरी २४ वॅट देते. लहान बॅटरी ४ वॅट घेते, २ ओहममध्ये ८, ३ ओहममध्ये १.३३ आणि ६ ओहममध्ये १०.६७ वॅट जातात. खर्चाची बेरीजही २४. लहान बॅटरी देते असे लिहिले असते तर जमा २८ आणि खर्च २० झाला असता. तफावत ८, म्हणजे त्या बॅटरीच्या ४ वॅटच्या नेमकी दुप्पट. तफावत एखाद्या घटकाच्या शक्तीच्या दुप्पट निघाली तर आधी त्याच घटकाचे चिन्ह तपासावे.

शक्तीच्या ताळ्यालाही मर्यादा आहे. नेदरलँड्सचे अभियंते बर्नार्ड टेलेगेन यांनी १९५२ मध्ये दाखवले की दाब लूपचा नियम पाळत असतील आणि प्रवाह नोडचा, तर घटक कोणतेही असोत, दाब गुणिले प्रवाह यांची एकूण बेरीज शून्यच येते. म्हणून एखाद्या रोधावर ओहमचा नियम चुकीचा लावला असेल तर त्या गुणाकारातून तो दिसेलच असे नाही. रोधातली शक्ती प्रवाहाच्या वर्गाला आकृतीत छापलेल्या रोधाने गुणून काढावी. मग ती चूकही सापडते.

सर्वांत खात्रीचा ताळा म्हणजे वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचणे. एकेक बॅटरी चालू ठेवून दुसरीच्या जागी सरळ तार घातली तर नोडवर ६ आणि २ व्होल्ट येतात; बेरीज ८. थेव्हेनिन (१८८३) यांच्या रीतीने ६ ओहम काढून ठेवला तर ९.६ व्होल्ट आणि १.२ ओहम मिळतात, आणि ६ ओहम परत लावला की पुन्हा ८. मात्र शक्ती अशी तुकड्यांत बेरजेला लावू नये. ६ ओहममध्ये एकेका बॅटरीने ६ आणि ०.६७ वॅट मिळतात, त्यांची बेरीज १०.६७ होत नाही, कारण शक्ती दाबाच्या वर्गाबरोबर वाढते.

गणिताला हात घालण्यापूर्वी नजरेने घ्यायचे ताळेही आहेत. समांतर जोडणीचा एकूण रोध सर्वांत लहान रोधापेक्षा कमीच असतो. वरच्यासारख्या मंडलात नोडचा दाब ० आणि १२ च्या मध्येच हवा. १५ आला तर पुढे जाऊ नये. प्रवाह-स्रोत किंवा परावलंबी स्रोत असेल तर हा आडाखा लागू नाही. किलोओहम आणि मिलिअँपिअर गुणले की व्होल्ट येतात. ही जोडी विसरल्याने उत्तर हजारपट चुकते.

वरच्या कोणत्याही ताळ्यातून हमखास निसटणारी चूक म्हणजे आकृती उतरवताना ३ चे ३० होणे. चुकीचे मंडल अचूक सोडवले की सारे ताळे जुळतात. संगणकावरील स्पाइससारखा प्रोग्रामही दिलेलेच मंडल सोडवतो. म्हणून शेवटी उतरवलेली नव्हे, छापील आकृती समोर घ्यावी.

पूर्णांकनाची तफावत आणि चूक यांत गल्लत होऊ देऊ नये. ०.६७ आणि १.३३ घेऊन खर्च मांडला तर २४ ऐवजी २३.९८ येतात, हे पूर्णांकन आहे. अपूर्णांक शेवटपर्यंत तसेच ठेवले तर हा प्रश्न उरत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहात मात्र नुसत्या आकड्यांची बेरीज करून चालत नाही : एकसर जोडलेल्या रोधावर ३ व्होल्ट आणि गुंडाळीवर ४ व्होल्ट असतील तर स्रोत ७ नव्हे, ५ व्होल्टचा असतो. तिथे लूपचा ताळा फेझर आकृतीवर, म्हणजे दाब दिशेसह बाणांनी दाखवून, घ्यावा लागतो, आणि सक्रिय व प्रतिक्रिय शक्तीचे जमाखर्च वेगवेगळे जुळवावे लागतात.